भावाला पुजाऱ्याकडे नेऊ की गोळ्या चालू ठेवू?

गडचिरोलीच्या कोरची तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. त्या नागपुरात नोकरी करतात. 21 वर्षांचा लहान भाऊ इथंच होस्टेलला राहून शिकतो. चार महिन्यांपासून तो रात्र-रात्र जागतो, एकटाच पुटपुटतो, खोलीतली पोरं आपल्यावर पाळत ठेवतात म्हणतो. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या, तीन आठवड्यांत झोप बरीच सुधारली. गावाकडे आईबाबांचं म्हणणं वेगळं आहे. गेल्या वर्षी आजोबा गेले तेव्हा परीक्षेपायी हा आला नाही, पुढच्या विधीलाही नव्हता, म्हणून हे झालं. गावी आणा, पुजारी बघेल. ताईंनी हे डॉक्टरांच्या कानावर घातलं तर ते भडकले: "असले प्रकार करायचे असतील तर माझ्याकडे येऊ नका." ताई लिहितात, "आम्ही गोंड आहोत, पेन म्हणजे आमचे देव, ते मानतो. पण मी शिकलेली आहे. कुणाचं ऐकू?"

ताई, आधी माझी बाजू सांगते, म्हणजे माझं म्हणणं किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी 22 वर्षं नागपुरात मानसोपचार करते. आधी सरकारी नोकरी, मग स्वतःची ओपीडी, आणि बऱ्याच वर्षांपासून महिन्यातून एक दिवस गडचिरोलीकडे. मी स्वतः आदिवासी नाही. गोंडी मला कळते थोडी, बोलता येत नाही. तुमच्या भावाला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याला नेमकं काय झालंय ते इथून सांगणार नाही.

तुमचा प्रश्न "पुजारी की डॉक्टर" असा दिसतो, पण मला तो तसा वाटत नाही. गोळ्या तुम्ही सुरू केल्यात, त्या लागू पडताहेत, आणि त्या बंद करा असं आईबाबांनीही म्हटल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. अडचण अशी आहे की दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांचं तोंड बघायचं नाही आणि मधे तुम्ही उभ्या आहात. अशा वेळी घरचे काय करतात ते मी शेकड्यांनी पाहिलंय. डॉक्टरांना न सांगता गावी नेतात, आणि तिकडे गेल्यावर गोळ्यांची पिशवी लपवतात किंवा विसरतात. रोगी बिघडतो तो या लपवालपवीत.

आधी एक तातडीची गोष्ट, कारण तुमच्यासारखा प्रश्न घेऊन आणखीही कुणी हे वाचत असेल. माणूस दोन-चार दिवसांत अचानक भ्रमिष्ट झाला, वेळ-काळ ओळखेना, सोबत ताप आहे, झटका आला, मान आखडली, तर तो मानसिक आजार धरू नका आणि बाधाही धरू नका. गडचिरोली पट्ट्यात फॅल्सिपेरम मलेरिया मेंदूत चढतो आणि पहिले काही तास माणूस "झपाटल्यासारखा"च दिसतो. रोज पिणाऱ्यानं दारू अचानक सोडली की दुसऱ्या ते चौथ्या दिवशी हात थरथरतात, भिंतीवर किडे दिसतात. त्यातही जीव जाऊ शकतो. सिकलसेलच्या रोग्याला मेंदूचा झटका येऊ शकतो. हे सगळं त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचं काम आहे. तुमच्या भावाचं चार महिन्यांचं आहे, ते या खात्यात बसत नाही. तरी थायरॉईड, बी-12 आणि गांजा यांची चौकशी झालीय का ते डॉक्टरांना विचारून घ्या. होस्टेलच्या पोरांत गांजा किती आहे ते आईबाबांना माहीत नसतं, तुम्हाला कदाचित असेल.

आता माझी एक चूक सांगते. नोकरीत नवी होते. कुरखेड्याकडचा एक तरुण त्याच्या काकानं आणला. कपाळावर अंगारा, दंडाला काळ्या दोऱ्यात ताईत. मला सलाईन लावायचं होतं, दोरा आड येत होता. ट्रेमधली कात्री घेतली आणि एक अक्षर न बोलता तो दोरा कापला. वर म्हणाले, "हे असलं बांधून बरं होत नसतं." काका काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बेड रिकामा.

दोन वर्षांनी तेच काका त्याला घेऊन आले. उजव्या घोट्याभोवती बांगडीसारखा जाड, चकचकीत वण होता. कुठल्यातरी बाबाच्या ठिकाणी त्याला अकरा महिने साखळीनं बांधून ठेवलं होतं. मी विचारलं, तेव्हा निघून का गेलात? ते म्हणाले, "तुम्ही आमच्या देवाले कापलं मॅडम." आणि पुढे जे म्हणाले ते मला जास्त लागलं. आमच्या दवाखान्यात त्यांना कुणी पाठवलं होतं माहीत आहे? गावच्या पुजाऱ्यानं. "हे माह्या हातचं नाही, दवाखान्यात न्या," असं त्यानंच सांगितलं होतं. ज्या माणसानं रोगी माझ्यापर्यंत पोचवला, त्याचाच दोरा मी कापला, आणि रोगी साखळीवाल्याच्या हाती दिला.

त्यानंतर मी त्या पुजाऱ्याला भेटायला गेले. सत्तरीचा माणूस, बोलायला मोजका. कुणी आजारी माणूस घेऊन आलं की तो सुपात तांदळाचे दाणे टाकतो, सूप हलवतो आणि दाण्यांकडे बघत विचारत जातो. घरात कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे? कुणाच्या नावाचं देणं राहिलंय? बांधाचा वाद कुणाशी? कोण गेलं आणि त्याचं काय करायचं राहिलं? मी तासभर बसून ऐकलं. आम्ही एमडीला जो केस हिस्ट्रीचा कागद भरायला शिकतो, त्यातले निम्मे प्रश्न तो सुपावर विचारत होता. फरक एवढाच, की माझ्यासमोर एकटा रोगी आणि घड्याळाकडे बघणारा एक नातेवाईक असतो. त्याच्यासमोर अख्खं घर, दोन शेजारी आणि गावपाटील बसलेले होते. ज्यांच्यामुळे त्रास होता तेही तिथंच. मी विचारलं, "सगळे बरे होतात?" तो हसला. "जे माह्ये ते होतात. जे तुमचे ते तुमच्याकडं धाडतो."

पुजारी नेमकं काय देतो, याचा मी पुष्कळ विचार केलाय. पेन आहे की नाही हा माझा विषय नाही. पण विधी ठरला की काय होतं ते बघा. मावशा, काके, लग्न होऊन गेलेल्या बहिणी गावी येतात. भात शिजतो. आजारी पोराला मधे बसवतात. त्याच्या त्रासाला एक नाव मिळतं आणि ते नाव "वेडा" नसतं. दोष त्याच्या एकट्याच्या डोक्यावरून उतरून सगळ्यांच्या वाटणीला येतो. आणि विधी संपला की आता हा बरा व्हायला लागेल असं सगळे धरून चालतात, त्याला तसंच वागवतात. होस्टेलच्या खोलीत पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या पोराला यातलं काय मिळतंय?

तमिळनाडूत एका मंदिरात मानसिक आजाराचे लोक येऊन राहतात. बंगळुरूच्या मानसोपचारतज्ज्ञांनी तिथल्या 31 जणांना आल्यावर आणि निघताना तपासलं. औषध नव्हतं, खास पूजाविधीही नव्हता. राहायचं, देवळातली बारीकसारीक कामं करायची, सोबत घरचं माणूस. लक्षणांच्या मोजपट्टीवर सुमारे 20 टक्के उतार दिसला. ब्रिटिश मेडिकल जर्नलनं 2002 मध्ये तो अभ्यास छापला. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे मी त्यावर फार मोठा इमला बांधणार नाही. पण त्याच तमिळनाडूत, त्याच्या आदल्या वर्षी, 6 ऑगस्ट 2001 ला एरवाडीत दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली आणि 28 मनोरुग्ण जळून मेले. पळता आलं नाही, कारण ते साखळीनं बांधलेले होते. दोन्हीकडे श्रद्धाच होती. म्हणून कुणी मला "श्रद्धेनं बरं होतं का" विचारलं की मी उलट विचारते: तिथं दार उघडं असतं का, आणि घरचं माणूस सोबत राहू शकतं का?

हे फक्त आदिवासींचं आहे असंही समजू नका. आपल्या नागपूरचंच घ्या. ताजुद्दीन बाबांना 1892 मध्ये इथल्या वेड्यांच्या इस्पितळात टाकलं होतं. बरीच वर्षं ते तिथंच होते, मग राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यावर नेलं. ज्याला शहरानं वेडा म्हणून कोंडलं, त्याच्याच ताजबागेत आज सगळ्या जातीधर्माचे लोक डोकं ठिकाणावर यावं म्हणून चादर घेऊन जातात. माझ्या ओपीडीत येणाऱ्या वकील, शिक्षक, इंजिनिअरांच्या मनगटावरही धागे असतात. त्यांना कुणी दटावत नाही. गोंड माणूस पुजाऱ्याचं नाव घेतो तेव्हा मात्र आम्हा डॉक्टरांना अंधश्रद्धा आठवते. हे मी माझ्याच व्यवसायाविषयी बोलतेय.

"पण माझ्या भावाला आजार आहे की पेनाचा कोप, हे ओळखायचं कसं?" असं तुम्ही थेट विचारलेलं नाही, तरी ते मनात असणारच. भ्रमाची जी व्याख्या आम्ही शिकतो, तिच्यात एक अट आहे: ती समजूत त्या माणसाच्या समाजात, संस्कृतीत रूढ असता कामा नये. म्हणजे पूर्वज घरावर लक्ष ठेवून असतात, हे तुमच्या घरी कुणी म्हटलं तर तो भ्रम नाही. मेलेल्या माणसाची हाक ऐकू येणं हेही दुःखात पुष्कळांना होतं. "होस्टेलच्या पोरांनी पंख्यात यंत्र बसवलंय आणि माझे विचार रेकॉर्ड होतात," हे मात्र कुठल्याच गावात रूढ नाही.

आणि यातलं खरं माझ्यापेक्षा गावच्या माणसांना जास्त कळतं. मी एका आजीला विचारलं होतं, तुमच्याकडे अंगात येतं, तसंच हे आहे का? आजी चटकन म्हणाली, "नाही नाही. हे अलग हाय. देव येते तवा ढोल थांबला का जाते. हे जात नाही." एवढं नेमकं मला कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलं नव्हतं. अंगात येण्याला वेळ असते, जागा असते, ढोल असतो. येतं आणि जातं, नंतर माणूस जेवतो-खातो, कामाला लागतो. आजार वेळ-काळ बघत नाही. तो जेवणात, आंघोळीत, परीक्षेत सगळीकडे शिरतो. तुमच्या आईला विचारून बघा: गावात अजून कुणाला असं झालेलं पाहिलंय का, आणि ते काय केल्यावर बरं झालं? बहुतेक आयांना उत्तर माहीत असतं. फक्त त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

भाषेचंही सांगून टाकते. नागपुरात कुणीच येऊन "मला नैराश्य आलंय" म्हणत नाही. "गमत नाही मॅडम, काईच गमत नाही," असं म्हणतात. बाहेरून आलेल्या निवासी डॉक्टरला पहिले काही महिने कळतच नाही की "गमत नाही" हे केवढं मोठं वाक्य आहे. झिंबाब्वेत शोना भाषेत "कुफुंगिसिसा" म्हणजे अति विचार करणं, हा त्रासाचा शब्द आहे. तिथल्या डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञांनी तोच शब्द उचलला आणि 2006 पासून वस्तीतल्या आज्यांना शिकवून दवाखान्याच्या आवारात बाकावर बसवलं. माणूस येतो, आजीशी बोलतो. त्याची रीतसर चाचणी झाली आणि फायदा झाल्याचं 2016 मध्ये छापून आलं. आपल्याकडेही विदर्भातल्या 30 गावांत गावातल्याच लोकांना शिकवून नैराश्याचं असं काम झालं. आधी नैराश्य असलेल्यांपैकी 4.3 टक्के उपचारापर्यंत पोचत होते, ते 27.2 टक्क्यांवर गेले. गावातल्या माणसानं गावच्या बोलीत विचारलं की लोक सांगतात.

तुमच्या भावाच्या बाबतीत यातून एक शंका येते. त्याची तपासणी कुठल्या भाषेत झाली? आमच्याकडे विचारशक्ती तपासायला म्हणीचा अर्थ विचारतात. मी एकदा एका माडिया (गडचिरोलीकडची गोंडांतली एक जमात) मुलाचा कागद पाहिला, त्यावर "अमूर्त विचार कमकुवत" असा शेरा होता. त्याला विचारलं होतं: नाचता येईना अंगण वाकडं, म्हणजे काय? त्यानं उत्तर दिलं होतं, "अंगण वाकडं असलं तरी नाचतात." ज्याच्या गावात सगळं गाव रात्रभर उघड्यावर नाचतं, त्याला या म्हणीत कसला अर्थ दिसणार! 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे 29 लाखांवर होते, आणि नागपुरात गोंडीत बोलणारा मानसोपचारतज्ज्ञ मला तरी भेटलेला नाही. तेव्हा पुढच्या वेळी तुम्ही सोबत बसा आणि त्याला गोंडीत बोलू द्या, तुम्ही मराठीत सांगा. मात्र थोडा वेळ त्याला एकट्यालाही डॉक्टरांशी बोलू द्या. काही गोष्टी बहिणीसमोर निघत नाहीत.

आता गावी न्यायचं का? माझं मत: न्या. पण आत्ता नाही, आणि कुठल्याही अटीशिवाय नाही.

आत्ता नाही, कारण तीन आठवडे झालेत. आधी झोप सुधारते, मग चिडचिड आणि भीती उतरते, आवाज आणि संशय जायला चार-सहा आठवडे किंवा जास्तही लागतात. ही घडी बसू द्या. झोप बरी झाली म्हणून "आता कशाला गोळ्या" असं घरातलं कुणीतरी म्हणणारच. त्याला सांगा, पहिल्या खेपेलासुद्धा निदान एक ते दोन वर्षं औषध चालतं, आणि मधेच सोडलं की आजार उलटतो. उपचाराविना जितका काळ जातो तितकं बरं होणं अवघड होत जातं, म्हणून तुम्ही चार महिन्यांत दवाखाना गाठलात ते फार चांगलं केलंत. माझ्याकडे तीन-तीन वर्षांनी येतात.

अटी मात्र कडक ठेवा. मारणं, बांधणं, उपाशी ठेवणं, चटका देणं, मिरचीची धुरी, यातलं काही निघालं की त्या क्षणी त्याला घेऊन निघायचं. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली हे करणं गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मनोरुग्णाला साखळीनं बांधणं कुठल्याही प्रकारे बंद केलंय, मग ते दवाखान्यात असो की देवस्थानात. दुसरं, कुणी "अमक्या बाईनं केलं" असं नाव घेतलं तर तिथंच थांबवा. राहिलेला विधी हे कारण सगळ्यांना जवळ आणतं. करणी केली हे कारण एका विधवेचं जगणं मुश्कील करतं, प्रसंगी जीवही घेतं. तुमच्या घरच्यांचं म्हणणं पहिल्या प्रकारचं आहे, म्हणून मी एवढी निर्धास्त बोलतेय. आणि जो हजारांत पैसे मागतो, बकऱ्यावर बकरा सांगतो, तो तुमच्या गावचा पुजारी नव्हे. गावचा पुजारी तुमच्याच शेजारी राहतो, त्याला उद्या तुम्हाला तोंड दाखवायचं असतं.

बारीकसारीक, पण जिथं घात होतो ते हे. रात्रभराचं जागरण त्याला करू देऊ नका. अपुऱ्या झोपेनं आजार उलटलेला मी इतक्यांदा पाहिलाय की यावर मी हट्ट धरते. विधी दिवसा करायला सांगा, रात्री गोळी घेऊन तो झोपेल. मोहाची दारू पेनाला वाहिली तर वाहू द्या, त्यानं पिऊ नये. नुसतं तुम्ही सांगून कुणी ऐकणार नाही, पाहुणे आग्रह करतील. युक्ती अशी, की पुजाऱ्यालाच आधी गाठून सांगायचं. "याला वर्षभर हे वर्ज्य," असं त्याच्या तोंडून एकदा आलं की कुणी पेला पुढे करत नाही. माझ्या किती रोग्यांची दारू अशी पुजाऱ्याच्या एका वाक्यावर थांबलीय! पोटात घ्यायची मुळी-पाला नको. एखाद्या काढ्यात धोतरा असला तर माणूस आणखी भ्रमतो. अंगारा, दोरा, पाणी शिंपडणं, अंगावरून उतरवून टाकणं, याला माझी काही हरकत नाही. उन्हाळ्यात नेणार असाल तर पाणी भरपूर पाजा, या गोळ्यांनी काहींना ऊन सोसत नाही. त्याच्या औषधांत लिथियम असेल तर बिनमिठाचा उपास आणि घाम यांनी ते रक्तात वाढून विषारी होऊ शकतं. चिठ्ठी दाखवून डॉक्टरांना विचाराच. आणि गोळ्या दहा दिवसांच्या जास्तीच्या, तुमच्या स्वतःच्या पिशवीत.

डॉक्टर भडकले त्याचंही थोडं समजून घ्या. त्यांनीही कुणाचा तरी घोटा पाहिलेला असेल. पुढच्या वेळी परवानगी मागू नका, माहिती द्या: "डॉक्टरसाहेब, गोळी एक दिवसही चुकणार नाही. अमुक तारखेला तीन दिवस गावी नेतोय, आजोबांचा विधी राहिलाय. परत आल्याबरोबरची तारीख देऊन ठेवा." बहुतेक डॉक्टर एवढ्यावर निवळतात. नाही निवळले तर डॉक्टर बदला, औषध बदलू नका. मेडिकलचा, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा, मानसोपचार विभाग आहे, प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. रात्री-बेरात्री काही विचारायचं झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलतात. स्वतःला संपवायचं कधी बोलला, किंवा आवाज त्याला तसं करायला सांगतात असं म्हणाला, तर मात्र फोन-बिन नाही, सरळ कॅज्युअल्टी.

डॉक्टरांनीच चार पावलं पुढे जायला हवं हे मला मान्य आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंगांनी शोधग्रामला दवाखाना बांधताना आधी आदिवासींना विचारलं, तुम्हाला दवाखाना कसा हवा? मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, आमच्या घरांसारखा हवा, असं लोक म्हणाले. तसाच, झोपड्यांचं गाव असावं तसा तो बांधला, आणि नाव दिलं माँ दंतेश्वरी दवाखाना. देवी दवाखान्याच्या दारातच आहे म्हटल्यावर देवी की डॉक्टर हे भांडणच उरत नाही.

थोडं मोठं बोलू का? कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मायकेल चँडलर आणि क्रिस्तोफर लालोंद यांनी तिथल्या मूळनिवासी समाजांतल्या तरुणांच्या आत्महत्या मोजल्या. 1998 मध्ये ते छापून आलं. सगळ्या समाजांत प्रमाण सारखं नव्हतं. जिथं जमिनीच्या हक्काचा लढा, स्वतःचा कारभार, शाळा, आरोग्यसेवा, सुरक्षेची कामं आणि संस्कृतीची जागा, हे सहाही लोकांच्या हातात होतं, तिथं त्या पाच वर्षांत एकही आत्महत्या नव्हती. एकामुळे दुसरं झालं असं त्यातून छातीठोक म्हणता येत नाही. पण मी ते वाचलं तेव्हा मला धानोऱ्याजवळचं मेंढा-लेखा आठवलं. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं गाव; 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवलेलं, निर्णय सगळ्यांच्या सहमतीनं घेणारं. तिथं कुणी "मानसिक आरोग्य" हा शब्द वापरत नसेल. पण ज्या पोराला माहीत आहे की गावच्या बैठकीत आपल्या नाहीलाही किंमत आहे, तो पोरगा आणि नागपूरच्या होस्टेलमध्ये ज्याच्या आडनावावरून, बोलण्यावरून टिंगल होते तो पोरगा, यांच्या पायाखालची जमीन सारखी नाही. भावाला होस्टेलवर कुणी काय म्हणतं, हे एकदा शोधा. "पोरं माझ्याबद्दल बोलतात" यात आजार असेलच, पण पोरं खरंच काही बोलत होती का, हे आम्ही डॉक्टर सहसा तपासत नाही. शहरात त्याच्या भागातली दोन-चार मुलं असतील तर त्यांना त्याच्याकडे येत-जात राहू द्या.

आणि एक. तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. त्यात आईचं मत आहे, बाबांचं आहे, डॉक्टरांचं आहे, तुमचं आहे. भावाचं नाही. आजोबांच्या वेळी न गेल्याचं त्याला स्वतःला काय वाटतं? कदाचित काहीच नसेल. कदाचित तेच वर्षभर आत कुरतडत असेल. माझ्याकडे एक बाई होत्या, नवरा नागपुरात दवाखान्यात वारला, मातीही इथंच झाली, गावी रीतीप्रमाणे त्याच्या नावाचा स्मृतीचा दगड उभा राहिला नाही. आठ महिने माझ्या गोळ्यांनी त्यांना जेमतेम झोप दिली. गावी जाऊन दगड उभा करून आल्या आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, "आता तो घरी पोचला." गोळ्या त्यानंतरही सहा महिने चालल्या, मी त्या बंद केल्या नाहीत. पण डोस वाढवायची गरज पडली नाही.

तुमच्या भावाचं तसंच असेल असं मी म्हणत नाही. या रविवारी तो जरा शांत असेल तेव्हा जेवताना, गोंडीत, आजोबांचा विषय काढून बघा. तो काय म्हणाला ते मला कळवा, मग विधीची तारीख डॉक्टरांच्या तारखेशी कशी जुळवायची ते बघू.